खुब्यात बसवलेला सांधा निकामी का होतो? परत मागवलेला ‘एएसआर’ आणि न सापडलेले ३,६०० रुग्ण

घरात कुणाचा ‘बॉल बदलला’ असेल, तर त्या ऑपरेशनची फाईल एकदा कपाटातून काढा. बिलं, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड या सगळ्या गठ्ठ्यात एखाद्या पानावर दोन-चार छोटे स्टिकर चिकटवलेले दिसतात का बघा. त्यावर कंपनीचं नाव, सांध्याचं मॉडेल, माप आणि एक लांबलचक नंबर छापलेला असतो. बहुतेक घरांत या स्टिकरकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. काही घरांत तर ते नसतातच.

हे स्टिकर किती महत्त्वाचे असतात, ते २०१० साली कळलं. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये जॉन्सन अँड जॉन्सनच्या ‘डिप्यू’ या कंपनीने ‘एएसआर’ नावाचा खुब्याचा कृत्रिम सांधा जगभरातून परत मागवला. तोवर सुमारे ९३ हजार लोकांच्या शरीरात तो बसलेला होता. भारतात हा सांधा बसवण्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. पुढे केंद्र सरकारच्या समितीने हिशोब मांडला, तेव्हा त्यातल्या सुमारे ३,६०० रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता.

मोबाईल किंवा गाडी परत मागवली तर आपण दुकानात नेऊन देतो. हाडात ठोकून बसवलेली वस्तू परत मागवली म्हणजे नेमकं काय होतं? मुळात असा सांधा बिघडतो कसा? आणि तो बिघडलाय हे रुग्णाला कळायचं कसं? एकेक करून समजून घेऊया.

खुब्याचा सांधा म्हणजे नेमकं काय?

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोळा असतो आणि कमरेच्या हाडात एक खोलगट वाटी असते. हा गोळा त्या वाटीत फिरतो. उखळात मुसळ फिरावं तसं, फक्त इथे दोघांवरही गुळगुळीत कूर्चेचा थर असतो आणि मध्ये वंगणासारखा द्रव असतो. म्हणून पाय पुढे, मागे, बाजूला असा सगळीकडे वळतो आणि आपण मांडी घालून बसू शकतो.

या सांध्यावर पडणारा भार आपल्याला वाटतो त्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. साधं चालतानाही खुब्यावर वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो. म्हणजे ६० किलोच्या माणसाच्या खुब्यावर दर पावलाला सुमारे दीडशे किलो. ठेच लागून तोल गेला, तर हाच भार क्षणभर आठ पटीपर्यंत जाऊ शकतो. आणि एका वर्षात एका पायाची साधारण दहा लाख पावलं पडतात.

संधिवाताने कूर्चा झिजली, मांडीचं हाड मानेपाशी मोडलं किंवा गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून तो ढासळला, तर हा सांधा बदलावा लागतो. शेवटच्या आजाराला डॉक्टर ‘एव्हीएन’ म्हणतात. स्टेरॉइड आणि दारू ही त्याची दोन मोठी कारणं. त्यामुळे खुबा बदलणारे सगळे म्हातारे असतात असं नाही. आपल्याकडे तिशी-चाळिशीतले रुग्णही बरेच असतात. त्यांच्या सांध्याला पुढची तीस-चाळीस वर्षं काम करायचं असतं, हे लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ इथेच आहे.

आत बसवतात तरी काय?

साधारण चार भाग असतात. मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसतो. दांड्याच्या निमुळत्या टोकावर गोळा घट्ट बसवतात. कमरेच्या हाडात धातूची वाटी बसते आणि त्या वाटीत एक अस्तर असतं. गोळा या अस्तरात फिरतो.

दांडा आणि वाटी हाडात पक्की करायच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे हाडाचं सिमेंट. हे बांधकामाचं सिमेंट नव्हे, तर अॅक्रिलिक प्रकारचा, पटकन घट्ट होणारा पदार्थ. दुसरी पद्धत बिनसिमेंटची. यात धातूचा पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत ठेवतात. सांधा ठोकून घट्ट बसवला की काही आठवड्यांत हाड त्या खरखरीत भागात शिरून वाढतं आणि त्याला धरून ठेवतं.

गोळा धातूचा किंवा सिरॅमिकचा असतो. अस्तर बहुतेक वेळा पॉलिथिलीनचं, म्हणजे एका खास टिकाऊ प्लास्टिकचं असतं, काही वेळा सिरॅमिकचं. एएसआरमध्ये मात्र दोन्ही बाजू धातूच्या होत्या.

सांधा किती प्रकारे बिघडतो?

जंतुसंसर्गामुळेही सांधा बदलावा लागतो, पण तो वेगळा विषय. यांत्रिक बिघाड म्हणजे वस्तू म्हणून सांधा कमी पडणं. त्याचे मुख्य प्रकार असे:

पहिला, सैल होणं. दांडा किंवा वाटी हाडातून सुटते आणि दर पावलाला किंचित हलते. कधी हाड धातूला नीट धरतच नाही. २००० च्या अखेरीस ‘सल्झर’ कंपनीला आपल्या वाट्या परत मागवाव्या लागल्या. कारखान्यात वापरलेल्या तेलाचा अंश त्यांच्यावर राहिला होता आणि त्यामुळे हाड त्यांना धरत नव्हतं. डिझाइन ठीक होतं, फक्त धुण्यात चूक झाली होती.

दुसरा, झिजणं. गोळा घासून घासून अस्तराचे अतिसूक्ष्म कण सुटतात. शरीरातल्या पांढऱ्या पेशी हे कण गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत. या झटापटीत असे रासायनिक संदेश सुटतात की हाड खाणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि सांध्याभोवतीचं चांगलं हाड पोखरलं जातं. गंमत अशी की हे होताना बरीच वर्षं काहीच दुखत नाही. भिंतीला बाहेरून रंग शाबूत असावा आणि आतून वाळवी लागलेली असावी, तसा प्रकार.

तिसरा, निखळणं. गोळा वाटीतून बाहेर येतो. वाटी चुकीच्या कोनात बसली असेल, स्नायू ढिले असतील किंवा पाय नको तितका वळला असेल, तर हे होतं. ऑपरेशननंतर उकिडवं बसू नका, खाली मांडी घालू नका, कमोड वापरा असं डॉक्टर सांगतात, त्यामागचं कारण हेच.

चौथा, तुटणं. दांडा मोडणं आता दुर्मीळ आहे. सिरॅमिकचा गोळा फुटणंही दुर्मीळ, पण फुटला तर त्याच्या कपच्या सगळ्या सांध्यात पसरतात. २००१ मध्ये फ्रान्समध्ये बनलेले ‘प्रोझीर’ नावाचे सिरॅमिक गोळे परत मागवले गेले होते. ते भाजण्याची भट्टी बदलल्यानंतर काही खेपा ठिसूळ निघाल्या होत्या.

पाचवा, जोडावर गंजणं. दांडा आणि गोळा जिथे एकमेकांत बसतात, तिथे सूक्ष्म हालचाल होत राहते आणि शरीरातल्या खारट द्रवात धातू गंजतो. ‘स्ट्रायकर’ कंपनीने २०१२ मध्ये ‘रिजुव्हिनेट’ आणि ‘एबीजी टू’ हे दांडे याच कारणाने मागे घेतले.

या यादीत एक गोष्ट सारखीच दिसते. बिघाडाचं कारण कधी डिझाइनमध्ये असतं, कधी कारखान्यात, कधी ऑपरेशनच्या टेबलावर आणि कधी रुग्णाच्या हाडात. एका रुग्णाकडे पाहून ते सांगता येत नाही. शेकडो रुग्णांची नोंद एकत्र मांडली, तरच ते दिसतं.

टेफ्लॉनचा धडा

आजच्या खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा पाया इंग्लंडमधल्या राइटिंग्टन हॉस्पिटलच्या सर जॉन चार्नली यांनी घातला. त्यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी अस्तरासाठी टेफ्लॉन वापरलं. तेच, नॉनस्टिक तव्यावर असतं ते. घसरगुंडीसारखं गुळगुळीत. सुमारे ३०० रुग्णांना ते बसवलं गेलं आणि सुरुवातीला निकाल झकास होते.

दोन-तीन वर्षांत मात्र टेफ्लॉन झपाट्याने झिजलं, कणांमुळे आजूबाजूचे ऊतक खराब झाले आणि चार्नलींना आपल्याच रुग्णांची ऑपरेशन्स पुन्हा करावी लागली.

त्यानंतर त्यांच्या प्रयोगशाळेत पॉलिथिलीनची चाचणी झाली आणि ते टेफ्लॉनपेक्षा कितीतरी चिवट निघालं. पण चार्नलींनी आता घाई केली नाही. दोन्ही पदार्थांचे बारीक कण त्यांनी स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. टेफ्लॉनच्या जागी काही महिन्यांत गाठ आली, पॉलिथिलीनच्या जागी जेमतेम काही लागत होतं. १९६२ च्या नोव्हेंबरपासून त्यांनी पॉलिथिलीन वापरायला सुरुवात केली. आजही तेच कुळ वापरात आहे, फक्त १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्याची अधिक चिवट आवृत्ती आली.

चार्नली प्रत्येक रुग्णाला वर्षानुवर्षं पुन्हा बोलवून तपासत असत. टेफ्लॉनची चूक तीनशेवर थांबली, याचं मोठं कारण हेच. चूक करणाऱ्यालाच रुग्ण कुठे आहेत ते माहीत होतं.

मग धातूवर धातू कशासाठी?

पॉलिथिलीन चांगलं असलं तरी ते झिजतंच. सत्तरीतल्या आजोबांना एक सांधा जन्मभर पुरतो, पण चाळिशीतल्या, धावपळ करणाऱ्या माणसाला तो दोनदा-तीनदा बदलावा लागू शकतो. म्हणून १९९० च्या दशकात डॉक्टर आणि कंपन्या पुन्हा धातूकडे वळल्या. धातूवर धातूची जोडी १९६० च्या दशकातही वापरून झाली होती.

कल्पना आकर्षक होती. कोबाल्ट-क्रोमियमचा कडक मिश्रधातू. अस्तर जाड लागत नाही, म्हणून गोळा मोठा ठेवता येतो. गोळा मोठा म्हणजे निखळण्याची भीती कमी. शिवाय दोन्ही पृष्ठभागांमध्ये द्रवाचा पातळ थर राहिला, तर झीज नगण्य. ‘तरुण आणि सक्रिय रुग्णांसाठी’ असं म्हणून या सांध्यांची जोरात जाहिरात झाली.

एएसआर याच लाटेतला. त्याचे दोन प्रकार होते. एकात मांडीच्या हाडाचा गोळा कापून न काढता त्यावर धातूची टोपी बसवत. दुसरा, ‘एएसआर एक्सएल’, नेहमीसारखा दांड्याचा. अमेरिकेत एक्सएलला २००५ मध्ये मंजुरी मिळाली, तीही माणसांवर स्वतंत्र चाचणी न करता. बाजारात आधीपासून असलेल्या उपकरणांशी आपलं उपकरण मिळतंजुळतं आहे, एवढं दाखवलं की तिथे परवानगी मिळण्याचा एक मार्ग आहे. टोपीचा प्रकार अमेरिकेत मंजूर झालाच नाही, पण इतर देशांत वापरला गेला.

एएसआरमध्ये चुकलं काय?

वाटी उथळ होती. अर्ध्या गोलापेक्षा कमी. वर आतल्या काठाजवळ, वाटी बसवायच्या हत्यारासाठी खाच ठेवली होती. त्यामुळे गोळ्याला टेकायला मिळणारी जागा आणखी कमी झाली.

आता आमटीची वाटी डोळ्यासमोर आणा. वाटी खोल असेल, तर थोडी कललेली असली तरी आतला चेंडू मध्येच राहतो. बशीसारखी उथळ असेल, तर जरा कलली की चेंडू काठावर येतो. एएसआरमध्ये तेच झालं. वाटी थोडी तिरकी बसली की सगळा भार काठाच्या अरुंद पट्टीवर यायचा. तिथे द्रवाचा थर टिकत नाही. धातू धातूला थेट घासतो आणि कडा खरवडली जाते.

अगदी अचूक कोनात बसवलेला सांधा चाचणीयंत्रावर लाखो फेऱ्या व्यवस्थित फिरतो. पण प्रत्यक्षात प्रत्येक रुग्णाचं हाड वेगळं, प्रत्येक सर्जनचा हात वेगळा. पाच-दहा अंशांचा फरक पडणारच. तो फरक सोसण्याची ताकद या डिझाइनमध्ये नव्हती.

सुटलेले धातूचे कण प्लास्टिकच्या कणांपेक्षाही खूप बारीक असतात. त्यातून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरतं. सांध्याभोवतीचे स्नायू आणि ऊतक काळपट पडून मरतात, तिथे द्रव साचतो, कधी गाठीसारखी सूज येते. ही गाठ कॅन्सरची नसते, पण ती स्नायू आणि नसा निकामी करू शकते. ही हानी फार झाली, तर नवा सांधा बसवूनही चाल पूर्वीसारखी होत नाही, कारण त्याला धरून ठेवणारे स्नायूच उरलेले नसतात. म्हणून अशा रुग्णात दुसरं ऑपरेशन वेळेत होणं फार महत्त्वाचं असतं. नेमका वेळच अनेकांना मिळाला नाही.

हे उघडकीला कुणी आणलं?

एखाद्या प्रयोगशाळेने नाही, तर वह्यांनी. म्हणजे नोंदवह्यांनी.

स्वीडनमध्ये १९७९ पासून, ऑस्ट्रेलियात १९९९ पासून आणि इंग्लंड-वेल्समध्ये २००३ पासून प्रत्येक बदललेल्या खुब्याची राष्ट्रीय नोंद होते. कुणाला, कोणत्या कंपनीचं कोणतं मॉडेल बसवलं, आणि ते पुन्हा काढावं लागलं का, एवढं लिहून ठेवतात. एका सर्जनने वर्षात दहा एएसआर बसवले आणि त्यातला एक बिघडला, तर तो म्हणेल, माझंच काहीतरी चुकलं असेल. पण देशभराच्या नोंदी एकत्र केल्या की एकाच मॉडेलचं नाव पुन्हा पुन्हा वर येतं.

ऑस्ट्रेलियाच्या नोंदणीत एएसआरचं नाव २००७ पासूनच खटकू लागलं होतं. २००९ च्या अखेरीस तो तिथल्या बाजारातून बाहेर पडला. इंग्लंड-वेल्सच्या नोंदीनुसार पाच वर्षांत टोपीच्या प्रकारातले १२ टक्के आणि एक्सएलचे १३ टक्के सांधे पुन्हा बदलावे लागले होते. या आकड्यांनंतर ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून मागे घेतला. पुढे अमेरिकेतल्या खटल्यात कंपनीचं २०११ मधलं एक अंतर्गत विश्लेषण समोर आलं. त्यात पाच वर्षांत सुमारे ३७ टक्के सांधे निकामी होतील, असा अंदाज होता. आपण जबाबदारीनेच वागलो आणि सांधा स्वतःहून परत मागवला, अशी भूमिका कंपनीने कायम मांडली. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या सुमारे ८ हजार रुग्णांसाठी सुमारे अडीच अब्ज डॉलरची तडजोड झाली.

भारतात काय झालं?

एएसआर भारतात २००६ पासून येत होता. २०१० मध्ये तो परत मागवल्यावर कंपनीने हेल्पलाइन सुरू केली, तपासण्या आणि दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च देण्याची तयारी दाखवली. पण हेल्पलाइनवर फोन कुणी करायचा? ज्याला आपल्या खुब्यात एएसआर आहे हे माहीत आहे, त्यानेच. नोंदणी झाली ती हजाराच्या आसपास रुग्णांची.

आपल्याकडे सगळ्या रुग्णालयांना बंधनकारक अशी राष्ट्रीय नोंदवही नव्हती. सर्जनच्या संघटनेची एक नोंदणी होती, पण ती ऐच्छिक. रुग्णालयं जुने कागद किती वर्षं ठेवतात, हे ज्याच्या-त्याच्या मर्जीवर. रुग्ण घर बदलतात, फोन नंबर बदलतात. त्यात अनेकांना डॉक्टरांनी ‘इम्पोर्टेड सांधा’ एवढंच सांगितलेलं. बिलावरही कधी फक्त ‘इम्प्लांट’ लिहून पुढे रक्कम.

या प्रकरणात आधी हालचाल झाली ती महाराष्ट्रात. महेश झगडे आयुक्त असताना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने चौकशी केली, केंद्रीय औषध नियंत्रकांकडे पाठपुरावा केला आणि मुंबईत गुन्हाही नोंदवला. केंद्राकडून देशभर सावधगिरीची सूचना निघाली ती डिसेंबर २०१३ मध्ये. म्हणजे जगातून सांधा परत मागवल्यानंतर तीन वर्षांनी.

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डॉ. अरुणकुमार अग्रवाल यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. पुढच्या वर्षी आलेल्या तिच्या अहवालात प्रत्येक बाधित रुग्णाला किमान २० लाख रुपये द्यावेत आणि न सापडलेल्या रुग्णांचा शोध घ्यावा, अशा शिफारशी होत्या. त्यानंतर डॉ. आर. के. आर्य यांच्या समितीने वय आणि अपंगत्वाची टक्केवारी धरून सूत्र ठरवलं. त्यानुसार भरपाई सुमारे ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत जात होती. कंपनीने या सूत्राला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. २०१९ च्या मे महिन्यात, दुसरं ऑपरेशन झाल्याची खात्री पटलेल्या ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख रुपये देण्याची तयारी तिने न्यायालयात दाखवली.

पण या सगळ्या रकमा सापडलेल्यांसाठी. ज्यांचा पत्ता लागला नाही, त्यांच्यापैकी कुणी ‘वय झालं, दुखणारच’ म्हणून तेल चोळत बसलं असेल, कुणी दुसरीकडे ऑपरेशन करून घेऊन स्वतःच्या खिशातून पैसे भरले असतील. हा भाग कुठल्याच आकड्यात येत नाही.

मग सांधा बसवायचाच नाही का?

असं अजिबात नाही. खुबा बदलणं ही आधुनिक वैद्यकातल्या सर्वात यशस्वी शस्त्रक्रियांपैकी एक मानली जाते. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात राष्ट्रीय नोंदण्यांची आकडेवारी एकत्र केली होती. त्यानुसार १५ वर्षांनी सुमारे ८९ टक्के, २० वर्षांनी ७० टक्के आणि २५ वर्षांनी ५८ टक्के सांधे जागेवर टिकून होते. यात जुन्या पिढीचे सांधेही आले. अंथरुणाला खिळलेला माणूस या ऑपरेशनने पुन्हा चालायला लागतो.

धातूवर धातूचे मोठ्या गोळ्याचे सांधे आता जवळपास वापरातून गेले आहेत. आज बहुतेक रुग्णांना धातू किंवा सिरॅमिकचा गोळा आणि चिवट पॉलिथिलीनचं अस्तर बसतं. तेव्हा घाबरायचं कारण नाही. पण विसरून जायचंही नाही.

कोणत्या खुणा दिसल्या तर डॉक्टर गाठायचा?

- जांघेत नव्याने दुखू लागलं. खुब्याच्या सांध्याचं दुखणं बहुतेकदा जांघेत जाणवतं, कुल्ल्यावर नाही.
- खुर्चीतून उठल्यावर पहिल्या काही पावलांना मांडीत कळ येते आणि मग कमी होते. दांडा सैल झाल्याची ही जुनी खूण आहे.
- चालताना लंगडणं वाढलं किंवा एक पाय आखूड वाटू लागला.
- सांध्यातून कटकट, करकर किंवा दार कुरकुरल्यासारखा आवाज येतो आणि सोबत दुखतंही.
- खुब्याभोवती सूज किंवा गाठ हाताला लागते.
- अचानक असह्य कळ, पाय हलवता येत नाही, पाय वाकडा पडलाय. सांधा निखळला असू शकतो, तातडीने रुग्णालयात न्या.
- ताप, लाली, जखमेतून पाणी. ही जंतुसंसर्गाची लक्षणं, तीही थांबण्यासारखी नाहीत.

काही दुखत नसलं तरी डॉक्टर सांगतील त्या अंतराने एक्स-रे काढायला जा. हाड आतून पोखरलं जातं ते आधी एक्स-रेमध्ये दिसतं, दुखणं नंतर येतं. जुना एक्स-रे सोबत न्या, कारण दोन्ही शेजारी ठेवले तरच बदल कळतो.

सांधा धातूवर धातूचा असेल, तर रक्तातलं कोबाल्ट आणि क्रोमियम तपासतात. ब्रिटनच्या नियामकाने २०१० मध्ये दिलेल्या सूचनेत लिटरमागे ७ मायक्रोग्रॅम ही पातळी धोक्याची घंटा मानली होती. त्यापुढे गेलं की पुन्हा तपासणी आणि सोबत एमआरआय किंवा सोनोग्राफी. नुसत्या एका आकड्यावर सांधा काढत नाहीत. लक्षणं, एक्स-रे आणि तपासण्या सगळं मिळून ठरतं.

फाईलमध्ये काय असायलाच हवं?

ऑपरेशन अजून व्हायचं असेल, तर सर्जनना तीन प्रश्न आधीच विचारा. कोणत्या कंपनीचं कोणतं मॉडेल? गोळा आणि अस्तर कशाचं? हे मॉडेल किती वर्षं वापरात आहे? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाहीत.

ऑपरेशननंतर डिस्चार्ज घेताना इम्प्लांटचे स्टिकर मागून घ्या. प्रत्येक भागाच्या खोक्यात ते एकाहून जास्त येतात. एक रुग्णालयाच्या नोंदीला लागतो, एक तुमच्या फाईलला लावून मिळायला हवा. बिलावर कंपनीचं नाव आणि नंबर लिहून घ्या. मग त्या स्टिकरचा फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाईलवर ठेवा. कागद पावसात भिजतो, घर बदलताना हरवतो.

ऑपरेशन जुनं असेल आणि स्टिकर नसेल, तर रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात अर्ज करून ऑपरेशनची नोंद मागा. २००६ ते २०१० या काळात खुबा बदलला असेल, तर हे काम या आठवड्यातच करा. कागद मिळालाच नाही, तर एक्स-रे घेऊन सांधेरोपण करणाऱ्या सर्जनकडे जा. अनुभवी डोळ्यांना एक्स-रेवरून सांध्याचा प्रकार बऱ्याचदा ओळखता येतो.

सांध्यात दोष आहे असं वाटलं, तर त्याची नोंद सरकारकडेही करता येते. २०१५ पासून वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या त्रासाची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत चालतो. डॉक्टरच काय, रुग्ण आणि नातेवाईकही तिथे तक्रार नोंदवू शकतात. टोल-फ्री नंबर १८००-१८०-३०२४. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात एएसआर पकडला गेला तो अशाच एकेक नोंदीतून.

आई-वडिलांचं किंवा आजी-आजोबांचं ऑपरेशन झालं असेल, तर हा लेख त्यांना फॉरवर्ड करून थांबू नका. त्यांना यातलं किती वाचता येईल कुणास ठाऊक. रविवारी घरी गेलात की स्वतः ती फाईल उघडा, स्टिकर शोधा आणि फोटो काढा.